चारला सुटून चारलाच पोचणारं विमान

हसणार नसाल तरच सांगतो. नाही, आधी तो कप खाली ठेवा! माझ्याच पोरीची मी माझ्या हाताने कशी वाट लावली, ते ऐकताना चहा सांडेल.

आमची प्राची हेलसिंकीला शिकते. नोकरीची मुलाखत आली स्टॉकहोमला. आता तिकडचं तिकीट तिकडेच काढायचं ना? पण नाही! मी म्हटलं, "उल्हासनगरचे आपले तिकीटवाले लछूशेठ कशाला आहेत? आपला माणूस बरा."

तिकीट मोबाइलवर आलं. चष्मा लावून बघतो तर काय? हेलसिंकीहून सुटणार दुपारी चारला. स्टॉकहोमला पोचणार दुपारी चारला!

"अगं, हे विमान आहे की भुताटकी?"

बायको भाजी निवडत म्हणाली, "तिकडचं घड्याळ वेगळं असेल हो."

"एवढ्याशा अंतरात? मुंबई-गोव्याएवढं तर आहे! गोव्याला उतरल्यावर आपण घड्याळ फिरवतो का?"

ती परत भाजीकडे वळली. माझं डोकं मात्र गरगरायला लागलं. बोगस तिकीट! पोरगी परक्या देशात फसली! गॅलरीतून किचन, किचनमधून गॅलरी, नुसत्या येरझाऱ्या. प्राचीला फोन लावला, तर ती वर्गात, फोन बंद. मग थांबतो कोण? स्कूटर काढली आणि आमच्या खरवईहून थेट उल्हासनगर.

"लछूशेठ, ये क्या धंदा है?"

"साईं, बैठो तो. वो उधर का टाइम..."

"टाइम-बिइम मला शिकवू नका! सुटायची एक वेळ, पोचायची दुसरी, असं सरळ तिकीट द्या!"

"वैसा है. मगर बीच में रीगा उतरके दूसरा विमान पकडना पडेगा."

"चालेल! निदान खरं तरी आहे!"

घरी आलो तो छाती फुगवून. संध्याकाळी प्राचीचा फोन.

"बाबा, माझं तिकीट कुणी बदललं?"

"मीच! वाचवलं तुला!"

"अहो बाबा, स्टॉकहोमचं घड्याळ एक तास मागे असतं. विमान तासाभराचंच आहे. म्हणून चार ते चार!"

बायकोने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तेच जास्त लागलं.

थेट विमान तोवर भरलं होतं. स्वतः स्कूटरवर जाऊन पोरीचं नशीब बिघडवून आलो होतो हो मी! त्यात रीगाचं विमान रखडलं. बिचारी चुरगळलेल्या कपड्यांतच मुलाखतीला हजर. साहेबीणबाईंनी विचारलं, "तासाभराचा प्रवास, आणि तू रीगावरून का आलीस?" हिने सगळं खरं सांगून टाकलं. म्हणे हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि नोकरी मिळाली! मी अख्ख्या सोसायटीत ओरडत सुटलो. तेवढ्यात पोरीचा मेसेज आला:

"बाबा, पेढे वाटा. दिवाळीला घरी येतेय. तिकीट मीच काढलंय आणि फक्त आईला पाठवलंय. ती 'निघा' म्हणेल तेव्हा तुम्ही एअरपोर्टवर या."