मास्तरांच्या गळ्यावर लागलेली समाधी

तोंड बंद ठेवून दाढी करणारा न्हावी म्हणजे अळणी भाजी, असं रेडिओ न्हाव्याची बायकोच म्हणायची. सतत बडबडतो म्हणून ज्याला सगळे 'रेडिओ' म्हणत, तो हा न्हावी ध्यानाला बसला तेव्हा आधी हसली तीच. "तुम्ही आणि गप्प? झोपेतसुद्धा गिऱ्हाइकाशी बोलता हो!"

खोटं नव्हतं. डोळे मिटले की रेडिओच्या डोक्यात निम्मा बाजार भांडायला बसायचा. मग एका गिऱ्हाइकाने कानमंत्र दिला: शिजवलेलं सोड, नुसती कच्ची फळं खा; पोट हलकं तर मन हलकं. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी पपई, दुपारी कलिंगड, रात्री दोन सफरचंदं. पहिला आठवडा भुकेने जीव नकोसा झाला. तिसऱ्या आठवड्यात मात्र आसनावर बसल्या बसल्या डोक्यातला बाजार उठला. सगळं गार, पांढरं, निःशब्द. तास कुठे गेला, कळलंच नाही.

घरचे चवड्यांवर चालू लागले. तो बसला की बायको भांडी घासायची थांबायची. शेजारीण दारातूनच हात जोडून जायची. विजार कमरेवर ठरेना, बोटं थरथरायची. पण एवढी शांतता मिळत असताना विजारीचं काय घेऊन बसायचं?

सहाव्या आठवड्यात एका सकाळी घरापुढच्या दुकानात खुर्चीत मास्तर होते. शाळेतून निवृत्त, रागातून नाही. मान मागे, गळ्यावर फेस. रेडिओने वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजला, हनुवटी दोन बोटांनी उचलली आणि पहिला हात फिरवला. दुसऱ्या हाताला ती आली. तीच गार, पांढरी शांतता. आज न बोलावता! त्याला वाईट वाटलं नाही, उलट धन्य वाटलं.

पुन्हा दुकान दिसलं तेव्हा बायको त्याच्या मनगटाला दोन्ही हातांनी लटकली होती आणि वस्तऱ्याचं पातं मास्तरांच्या गळ्याच्या घाटीवर टेकलेलं होतं.

"अहो, सोडा! सोडा ना तो!"

वस्तरा फरशीवर पडला. मास्तरांनी आधी गळा चाचपला, मग श्वास घेतला.

"ओरडलो असतो तर घाटी हलली असती," ते म्हणाले. "म्हणून पायाने खुर्चीची पायरी बडवत होतो. तुझी बायको आतून धावत आली म्हणून वाचलो. अरे, डोळे उघडे होते तुझे! आत कुणीच नव्हतं."

रेडिओ मटकन खाली बसला. आत कुणीच नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तिथेच तर तो रोज तासभर जात होता.

"मला वाटलं, ध्यान लागलं," तो म्हणाला.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे रोज तुम्हाला भुकेने भोवळ येत होती... आणि मी पोरांना दटावत होते, बाबांना हलवू नका म्हणून?"

मास्तर टॉवेलसकट उठले आणि त्यांनी रेडिओला काखेत हात घालून उभं केलं. "चल डॉक्टरकडे. आत्ता."

"मास्तर, अर्धी दाढी राहिलीय."

"राहू दे. दाढी पुन्हा येते, गळा येत नाही."

फेस तसाच वाळत होता. बायकोने वस्तरा उचलला, मिटला, खणात टाकून किल्ली फिरवली आणि ती किल्ली नवऱ्याच्या हातात न देता दोघांच्या मागोमाग निघाली.