बर्फात ठेवलेल्या नळ्या

वहिनीच्या रक्ताच्या नळ्या मी बर्फात ठेवल्या. घरात सगळे त्याला चूक म्हणायचे. ती चूक नव्हती.

थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि वहिनी स्वतःची एक द्यायला तयार झाली होती. दोघांचं जुळतं का, ही शेवटची तपासणी मुंबईत व्हायची होती. दादाला प्रवास झेपत नव्हता, म्हणून दोघांचं रक्त मी नेणार होतो. रत्नागिरीत रक्त काढणाऱ्या मुलीने नळ्या देताना बजावलं, "काका, वहिनींच्या पांढऱ्या पेशी जिवंत पोचायला हव्यात. दादांचं रक्त त्यांना मारतं का, तेच तर बघायचंय. बर्फ अजिबात लावू नका."

दादा आमच्या होडीचा तांडेल, होडीवर त्याचाच हुकूम. एका वर्षी माझ्या हातून होडी खडकाला घासली. त्यानंतरच्या नारळी पौर्णिमेला मी दर्याला नारळ सोडायला वाकलो, तर सगळ्या बंदरासमोर त्याने तो हिसकावला. "ठेव खाली! तुझा हात लागला तर दर्या पण आटेल." खलाशी हसले. "बर्फ फोडायला बसव त्याला," कुणीतरी म्हणालं. आणि दादाने खरंच बसवलं. तेव्हापासून मासळीला बर्फ लावणं हेच माझं काम.

हातखंब्याला गाडी चहाला थांबली. बाजूला आमच्याच बंदरातला मासळीचा टेम्पो होता. ड्रायव्हरकडून पिशवीभर बर्फ मागून घेतला. सुरमईला लावावा तसा नळ्यांच्या खाली, वर, बाजूने दाबून बसवला. दादा मरावा असं वाटत नव्हतं. त्याने ताटकळावं, दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसावं, एवढंच. 'आता बघ माझा हात,' असं मनात म्हणत मी गरम भजी खाल्ली.

प्रयोगशाळेत नळ्या बर्फातच निघाल्या. पेशी मेल्या होत्या. तपासणी झालीच नाही. शस्त्रक्रिया लांबली, दादा डायलिसिसवर राहिला. पाणी प्यायचं तेही मापाने. ज्याच्या एका हाकेवर होडी वळायची तो वहिनीला म्हणायचा, "एक घोट दे गो." पडवीत बसून मी ऐकायचो. ऐकून बरं वाटायचं.

एकदा तो त्या बर्फावरून माझ्यावर ओरडला तेव्हा वहिनी मध्ये पडली. "भावोजींना कशाला बोलता? बर्फात हात घालून जन्म चाललाय त्यांचा. सवयीने झालं. तिथे बसवलं कुणी त्यांना?"

दादा हळूच म्हणाला, "मीच."

मला हवं होतं ते त्याने कबूल केलं, पण त्याबरोबर माझं पापही स्वतःच्या अंगावर घेतलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुन्हा रक्त काढलं. नळ्या वहिनीने माझ्याच हातात दिल्या. या वेळी हातखंब्याला मी गाडीतून उतरलोच नाही. दादाच्या रक्ताने तिच्या पेशींना धक्का लावला नाही, असं प्रयोगशाळेने कळवलं. शस्त्रक्रिया झाली. वहिनीची किडनी त्याला मानवली.

नंतरच्या नारळी पौर्णिमेला तोंडाला मास्क लावून दादा वहिनीबरोबर बंदरावर आला. सगळ्यांसमोर नारळ माझ्यापुढे धरला. "सोड तू."

मी हात पुढे केला नाही.

"दादा, बर्फ सवयीने नव्हता लावला. मुद्दाम लावला. तुला तडफडताना बघायचं होतं. वहिनी, तुझं रक्त मी वाया घालवलं. मला माफ करा."