दोन रिंगा

सासूबाई कापूरहोळच्या फाट्यावर तीन तास बसून होत्या आणि मी भोरला घरी, पंख्याखाली, ‘नवा फोन विनाकारण त्रास देत नाही’ असा अहवाल लिहीत होतो.

आमची कंपनी नको असलेले फोन अडवणारं सॉफ्टवेअर बनवते. दुसऱ्यांच्या फोनांत ते घालत बसायचं की आपलाच फोन काढायचा, यावर वर्षभर वाद चालला होता. मी ‘काढा’वाल्यांत. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकता येत नाही, असं मीटिंगमध्ये म्हणालो होतो. लोकांनी माना डोलावल्या, तेव्हापासून जरा फुगूनच होतो. सोमवारी निर्णय व्हायचा होता. त्याआधी चाचणीचा फोन घरी आणून माझं सिम त्यात घातलं. जुन्या फोनातली नावं त्यात उतरवून घ्यायची तेवढी राहिली.

सासूबाई वेल्ह्याच्या वरच्या गावातल्या. त्या फोनवर बोलत नाहीत, वाजवतात. एक रिंग म्हणजे पोचले. दोन म्हणजे फाट्यावर उतरलेय, न्यायला या. तीन म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट. आणि अनोळखी नंबरावरून दोन रिंगांत तुटणारा फोन वाजूच द्यायचा नाही, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये मीच घातलेला. दुसऱ्यांच्या फोनांत तो अर्धामुर्धा चालायचा. आमच्या फोनात पुरा चालला.

दुपारी बायको शाळेतून आली. “आई कुठंय? आज यायची होती ना?”

अडवलेल्यांच्या यादीत एकच नंबर पाच वेळा होता.

सासूबाई पंक्चरच्या दुकानाबाहेर, मांडीवर तांदळाचं गाठोडं घेऊन बसलेल्या. मी निर्लज्जपणे विचारलं, “भोरची एसटी नाही मिळाली?”

“दोन गेल्या की. पन तुमी हितं आला असता आन म्या नसते, तर?”

“मग अजून वाजवायचं होतं.”

“तिसरी वाजली असती तर तुमाला घोर लागला असता, जावईबापू. म्हनलं, कामात असतील.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, फोन कसा वाटला? रेंज चांगली, बॅटरी चांगली. तरी यंत्रावरच ढकलावं असं क्षणभर मनात आलं. मग म्हणालो, “फोन चांगला आहे, माझा नियम वाईट आहे. इतके दिवस बिघडलं की दुसऱ्याच्या फोनाकडं बोट दाखवता यायचं. आपल्या फोनात आपली चूक पुरी चालते. आधी ती निस्तरू, फोनचं मग बघू.”

“हा अनुभव कुणाचा?”

“एका वयस्कर वापरकर्त्या बाईंचा.” सासूबाईंचा म्हणायला जीभ उचलली नाही.

फोन काढणं पुढं ढकललं गेलं. घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा बायको तेच तांदूळ निवडत होती.

“वापरकर्त्या बाई,” ती म्हणाली. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “कंपनीला फोन काढू दे नाहीतर नको काढू दे. पुढच्या खेपेला आई गावाहून निघाली, की तुम्ही आधी फाट्यावर जाऊन बसायचं. तिला रिंग द्यायला लावायची नाही.”