सुई आधी, भाकर मागून

नोकरीसाठी गाव सोडलं त्या सकाळी जळकोटच्या स्टँडवर मला नांदेडच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा माझे वडील, अप्पा, उपाशीच होते. त्यांची पूजा व्हायची होती. आम्हा लिंगायतांच्या घरी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अप्पांच्या तोंडात पाण्याचा घोट जात नाही, आणि त्यांची पूजा शेतातल्या विहिरीवर, आंघोळ झाल्यावर. "जा बाई, नीट राहा. मला शेत गाठायचंय," म्हणाले आणि गाडी हलायच्या आधीच निघाले. ती पाठमोरी ताठ चाल बघून मला केवढा अभिमान वाटला होता!

आता त्याच चालीचा धसका घेतलाय मी.

अप्पांना साखरेचा आजार जडला. गोळ्यांवर भागेना म्हणून इन्शुलिनची सुई आली. डॉक्टरांनी सांगितलं, सुई घेतली की लगेच खा, आणि रोज चाला. अप्पांनी त्यातलं चालणं तेवढं उचललं. उठल्या उठल्या सुई, मग शेतापर्यंत तरातरा चालणं, आंघोळ, पूजा आणि शेवटी भाकर. गोड सोडलं म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत. अंगातली साखर कमी पडूनही माणूस जातो, हे त्यांना कुणी पटवावं? मी नांदेडला शाळेत शिकवते. वर्गभर पोरं ऐकतात, बाप ऐकत नाही.

दिवाळीत गेले तेव्हा त्यांच्या बंडीच्या खिशात साखरेची पुडी ठेवली. हात कापले, दरदरून घाम सुटला की लगेच तोंडात टाका म्हटलं. "हाव," म्हणाले.

महिनाभरानं अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला. अप्पा बांधावर पडले होते. शेजारच्या शेतातल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा सलाईन चालू होतं. बंडीच्या खिशात पुडी तशीच होती, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. हात कापले होते, घाम सुटला होता, सगळं कळलं होतं त्यांना.

"पूजा व्हायची होती गं," म्हणाले.

रडू यायच्या आधी मला राग आला. म्हटलं, "अप्पा, वैरण टाकल्याबिगर तुम्ही बैल कधी औताला जुंपलाय का?"

ते म्हणाले, "न्हाई."

तेव्हापासून पूजा घरीच, मग सुई आणि लगेच भाकर, मग शेत, असं ठरलंय. पण ठरलंय म्हणजे होतंय असं थोडंच आहे! रोज सकाळी मी फोन लावते, तेव्हा अव्वा "खाल्लं की" म्हणते, आणि ती त्यांना सांभाळून घेते हे मला तिच्या आवाजावरून कळतं. मग मी म्हणते, फोन त्यांच्या तोंडाशी धर. भाकरीबरोबर कांदा कचकन चावल्याचा आवाज आला की मी शाळेला निघते.

गाव सोडून आलेले माझ्यासारखेच लोक विचारतात, आता इथं घर केलंस, जळकोटची आठवण येते का? काय सांगू. माझं गाव त्या आवाजापुरतंच उरलंय.

आज जळकोटला फोन लागत नाहीये. चपला घालून मी मघापासून दारातच उभी आहे.