नाही म्हणणाऱ्या खासदाराला शाल-श्रीफळ

बाबा, म्हणजे माझे सासरे, कायमचे पुण्याला परत चालले होते. जाण्याआधी त्यांना विंडसर नको, लंडन नको. म्हणाले, "लीड्सकडे जाऊ. एका माणसाचा सत्कार राहिलाय."

माणूस म्हणजे तिथल्या एका गावाचा माजी खासदार. पक्का डावा, आणि स्वतःच्याच पक्षाची डोकेदुखी. बाबा तिथे तरुण डॉक्टर असताना सरकारने हॉस्पिटल बंद करायचं ठरवलं. सरकार याच्याच पक्षाचं, तरी याने रान उठवलं आणि विरोधात मत दिलं. हॉस्पिटल वाचलं, बाबांची नोकरी टिकली, याचं तिकीट मात्र कापलं गेलं. हे ऐकल्यावर असा माणूस दिसतो तरी कसा, याची मलाच उत्सुकता लागली.

आम्ही राहतो त्या मेडनहेडहून शनिवारी सकाळी निघालो. एम-वन हायवेवर नेहमीप्रमाणे रोडवर्क्स. वाटेतल्या सर्व्हिसेसमधला, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावरचा, चहा महाग आणि पुचाट, त्यामुळे थर्मास न्याच. शाकाहारी असाल तर यॉर्कशरच्या बेकरीतली चीज-अनियन पेस्टी गरम गरम खा.

बाबांच्या मांडीवर पिशवी होती. आत पुण्याहून मागवलेली शाल आणि वेंब्लीच्या भारतीय दुकानातला नारळ.

"त्यांना कळवलंय ना?" मी विचारलं.

"येतोय एवढं सांगितलंय. शाल सरप्राइज आहे."

भोक पडलेल्या स्वेटरमधल्या एका उंच म्हाताऱ्याने दार उघडलं आणि बाबांना मिठीच मारली. चहा आला. मला राहवेना.

"तिकीट गेलं तेव्हा वाईट वाटलं?"

"वाटलं तर! कितीतरी महिने चिडचिड करत होतो."

"अजून करतो," स्वयंपाकघरातून त्याची बायको म्हणाली.

मग बाबा उठले, घसा खाकरला, शाल उलगडली. म्हाताऱ्याने हात वर केला.

"डॉक्टर, हा ऑनर आहे का?"

"अर्थात!"

"मग सॉरी. मला लॉर्ड करत होते, तेही नको म्हटलं. आयुष्यात एकही घेतला नाही."

बाबा उलगडलेली शाल धरून तसेच उभे राहिले. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. त्याने नारळाकडे बोट दाखवलं. "हे खातात ना? मग हे घेतो." मागच्या पायरीवर हातोडीने नारळ फोडला आणि चौघांनी खोबरं खाल्लं.

परतताना शेफील्ड मागे पडलं. शेवटी मीच फुटले, "एवढा कसला ताठा! इतक्या लांबून गेलो आपण."

बाबा हसायला लागले. "अगं, त्याच्या 'नाही'वर माझी सगळी नोकरी झाली. आता मलाच तेवढं त्याने 'हो' म्हणावं, असं कसं?"

परवा बाबा पुण्याला गेले. बॅगेत जागा होती, तरी शाल इथेच ठेवली. "पुण्यात घेणारे रग्गड आहेत," म्हणाले, "पण ही त्याची आहे. उगाच कुणाला देऊ नकोस."

बाबांनी घातलेल्या घडीतच ती माझ्या कपाटात आहे.