अरळीच्या दाराची कडी

मागच्या महिन्यात आपल्या ह्या कट्ट्यावर मी 'अरळी'बद्दल लिहिलं, आणि त्याखाली ज्या ज्या मंडळींनी "मॅडम, चष्म्याचा नंबर तपासा" असं लिहिलं, त्यांच्यासाठी हे आहे. तपासला. नंबर तोच आहे.

मी कुंभकोणम्‌ला राहते, मेलकावेरी भागात. तिरुभुवनम्‌च्या एका रेशीम सोसायटीत साडीच्या काठाची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायचं माझं काम. एक चौकट इकडची तिकडे झाली तर मोराची मान मोडते आणि विणकर माझ्या नावाने शंख करतात. तेव्हा कागदावर जे नाही ते मला दिसत नाही, हा माझ्या पोटापाण्याचा नियम आहे. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले — "त्या दिवशी नीट जेवला होतात ना?" आता तोच प्रश्न तुम्ही मला विचारणार. जेवले होते. दहीभात आणि लिंबाचं लोणचं.

ज्यांना अरळी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरळी म्हणजे तमिळमध्ये कण्हेर. ही कॉमिकमधली बाई चोरांना लुटते, पोलिसांना गुंगारा देते, आणि कुणाचा जीव वाचवलाच तर आधी त्याचं काहीतरी मोडून ठेवते. नायिका म्हणवत नाही, खलनायिका म्हणायला जीव होत नाही. मूळ कॉमिकमध्ये तिची सुरुवात कशी झाली ते फक्त चार पानांत आहे. भर दुपार. घरातले सगळे झोपलेले. एकोणीस वर्षांची मुलगी, हातात कापडी पिशवी, दाराची कडी काढते आणि निघून जाते. का, ते सांगितलेलं नाही. संवाद एकही नाही. ती मागे वळून बघत नाही. चौथ्या पानावर नुसती रिकामी गल्ली.

ही चार पानं मला फार आवडतात, कारण त्यांत कुणाचा दोष नाही. तिला जायचं होतं, ती गेली, संपलं. ते चौथं पान मी किती वेळा उघडून पाहिलंय ते सांगत नाही.

मग यंदा त्याची कार्टून मालिका आली, मराठी डबिंगसकट, आणि संपादकांनी मला दोन्हींची तुलना लिहायला सांगितली. रविवारी दुपारी अडीचला मी टीव्हीसमोर बसले. शेजारी आई. ती एकोणऐंशीची आहे, आणि मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्याहून स्वच्छ दिसतं. आम्ही तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेले. बाहेर तमिळ, घरात आमची जुनी मराठी. पुण्याचे पाहुणे ती ऐकून "अय्या, किती गोड" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. आईला मात्र टीव्हीवरच्या मराठीची मौज वाटते. "केवढी घाई ह्यांस बोलायची," असं म्हणत ती तासन्‌तास ऐकते.

पहिला भाग सुरू झाला. तीच दुपार, तेच घर. वाटलं, चला, शहाणे दिसतायत. तेवढ्यात दाराजवळ एक पोर दिसली. दहा-एक वर्षांची, मुठीत गूळ.

"ही कोण आता?" मी मोठ्याने म्हणाले. कॉमिकमध्ये असली कुणी पोर नाही!

अरळी खाली वाकली आणि तिला म्हणाली, "एरुंबे, कडी घालूं नको गं. मी जाऊन येतें."

आई पुढे सरकली. "हें तर आमचें बोलणें कीं गं! ह्यांस कोणी शिकवलें?"

पडद्यावर अरळी गेली. पोर थोडा वेळ बसून राहिली, मग उठली आणि तिने कडी घातली. भिंतीवरचं ऊन सरकलं. बाहेरून कुणीतरी दार ढकललं... एकदा, पुन्हा एकदा. हाक नाही. मग पावलं लांब गेली. आणि पुढच्याच प्रसंगात ती पिशवीवाली मुलगी चोरांना लुटणारी अरळी झालेली!

म्हणजे एवढ्या मोठ्या बाईचं जे काही वाटोळं झालं, ते एका दहा वर्षांच्या पोरीने कडी घातली म्हणून? मला असा संताप आला की मी तिथेच टीव्ही बंद केला आणि तासाभरात लेख लिहून पाठवला. तो तुम्ही वाचलात. 'ह्या कार्टूनवाल्यांना वाईट बाई नुसती वाईट बघवत नाही, तिला कारण चिकटवल्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही,' वगैरे. त्यातला प्रत्येक शब्द मला अजून मान्य आहे.

पण खाली प्रतिक्रिया काय? "कुठली मुलगी?" "असा प्रसंगच नाही." "कार्टून अगदी कॉमिकसारखंच आहे, मॅडमनी दुसरंच काही पाहिलं का?" नागपूरच्या एका गृहस्थांनी तर त्या प्रसंगाचे फोटो काढून पाठवले, मिनिटा-सेकंदांसकट. मी चिडून पुन्हा लावलं. पोर नाही. दार, पिशवी, कडी, रिकामी गल्ली, आणि संवादाच्या जागी एक कावळा. तमिळमध्ये लावून पाहिलं, हिंदीत पाहिलं, ऑफिसातल्या मुलीच्या फोनवर पाहिलं. सगळीकडे तोच मेला कावळा. डबिंग करणाऱ्यांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. त्या प्रसंगाला संवादच नाहीत, त्यामुळे आवाज द्यायला कुणाला बोलावलंच नव्हतं, असं त्यांनी कळवलं. सभ्य उत्तरांचा मला आणखीच राग येतो.

आता जे लेखात लिहिलं नाही ते लिहिते, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही.

एरुंबु म्हणजे तमिळमध्ये मुंगी. डब्यातला गूळ चोरून खाते म्हणून माझी अक्का मला एरुंबी म्हणायची. फक्त तीच. पद्मा अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. फोटो स्टुडिओत काम करणाऱ्या एका तमिळ मुलाशी तिला लग्न करायचं होतं, आणि अप्पांनी घरात त्याचं नाव काढायला बंदी केली होती. छत्तीस वर्षांपूर्वी, द्वादशीचं जेवण होऊन सगळे आडवे झालेले असताना, ती पिशवी घेऊन दारात आली. मी तिथेच बसले होते. ती म्हणाली, "एरुंबे, कडी घालूं नको गं. मी जाऊन येतें."

आमच्याकडे घराबाहेर पडताना सगळेच असं म्हणतात, जाऊन येतें. कायमची जाणारीही तसंच म्हणणार. म्हणून ती खरंच परत येणार होती की नाही, हे त्या वाक्यावरून कधीच कळलं नाही.

आणि मी कडी घातली. मुद्दाम नाही. आदल्या आठवड्यात दार उघडं राहिलं म्हणून माकड आत शिरून केळ्यांचा घड घेऊन गेलं होतं आणि अप्पांनी मला थोबाडीत दिली होती. मी कडी घातली आणि झोपले. अक्का आली नाही. पत्रही नाही, निरोपही नाही. स्टुडिओतला तो मुलगा तर तिथेच काम करत राहिला, त्यालाही काही माहीत नव्हतं. कडीचं मी कुणालाही सांगितलं नाही. अप्पा गेले तेव्हाही नाही. आता कळलं का, मला ते चौथं पान का लागतं?

डबिंगवाल्यांचं पत्र आलं त्या सकाळी आई शेवग्याचा पाला निवडत बसली होती. मी तिच्यावरच खेकसले. "आई, तूं पाहिलीस कीं नाही ती पोर?"

"पाहिली कीं."

"मग आतां कां दिसत नाही? कुणालाच कां दिसत नाही?"

"एकदां दाखवलें. कितीदां दाखवावें तिनें?"

"तिनें म्हणजे कोणी?"

आईने हातातली काडी खाली ठेवली. "कडी तूं घातलीस तें मला ठाऊक आहे, सुधा."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी जागी होतें," आई म्हणाली. "तूं कडी घातलीस तें ऐकलें. नंतर दार दोनदां हाललें, तेंही ऐकलें. कोण आहे तें मला कळलें."

"मग उघडलें कां नाहीस?"

"राग होता. म्हटलें, हांक मारूं दे. आई म्हणून एक हांक मारील, तर उठेन." तिने काडी पुन्हा उचलली. "नाही मारली. मग उठलें, कडी काढली. गल्लींत कोणी नव्हतें."

छत्तीस वर्षं मी समजत होते की ह्या घरात कडीचं ओझं माझ्या एकटीवर आहे. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. आधी नाही का सांगायचं? तिला तसं म्हटलं तर म्हणाली, "तूं सांगितलेंस?"

तर मंडळी, स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. एकीला भास झाला असता तर मी गप्प बसले असते, पण आम्ही दोघींनी पाहिलं आणि दोघींनी ऐकलं. त्या कार्टूनच्या माणसांनी कुंभकोणम् नकाशावरसुद्धा पाहिलं नसेल. मला कुणी सायन्स शिकवायला येऊ नये, आणि 'तुमच्या बहिणीचा आत्मा' वगैरे तर मुळीच लिहू नये. ती पंचावन्नची असेल. आहे. मी तिच्यासाठी 'होती' लिहिणार नाही.

हल्ली दुपारी आम्ही दाराला कडी घालत नाही. परवा शेजारचं मांजर आत आलं आणि चांगलं अर्धा लिटर दूध सांडून गेलं. मी चिडून कडी लावायला उठले, तर आई पडल्या पडल्या, डोळे न उघडता म्हणाली, "असूं दे गं. दार हाललें कीं मी बघतें."