आठवी ओटी

देवावर रुसायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. त्या वर्षी माझ्या अंगात तेवढीही उरली नव्हती. महाराष्ट्र नुकताच झाला होता, पाठोपाठ जिल्हा परिषद आली आणि मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला नवी रंगवलेली पाटी लागली. त्या पाटीखालून मी रोज मान खाली घालून आत जायचे. नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात, कारण आता माझी मान कोणापुढे खाली जात नाही, दाताच्या डॉक्टरपुढेसुद्धा नाही. पण तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. अकोल्याहून ट्रेनिंग करून आलेली, पदराला पिन लावणारी, मनगटावर नवऱ्याचं घड्याळ बांधणारी, आणि अंगात येणं-बिणं सगळं खोटं असतं असं वर्गात पोरांना ठणकावून सांगणारी. एवढी शहाणी बाई, पण एका माणसाच्या खाकरण्याला घाबरायची.

तो माणूस म्हणजे आमचे हेडमास्तर. ते कधी ओरडले नाहीत, हात तर कोणावर उगारलाच नाही. सकाळची प्रार्थना झाली की सगळ्या पोरांसमोर ते हळू आवाजात माझी एक चूक सांगायचे. फळ्यावरचं अक्षर तिरपं होतं. वर्गाचा आवाज बाहेर आला. बाईंचा पदर चुरगळलेला आहे, झोप झालेली दिसत नाही. माझी पोरं खाली बघायची आणि त्यांनी खाली बघितलेलं मला जास्त लागायचं. घरी येतानाच्या वाटेवर मी हेडमास्तरांशी मनातल्या मनात भांडत असे. गंमत अशी की तिथेही तेच जिंकायचे.

नोकरी सोडायची सोय नव्हती. माझे मालक छातीच्या दुखण्याने दवाखान्यात पडून होते आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. अशात मला मुलगी झाली. अंग पुरतं भरून यायच्या आधीच मी शाळेत हजर झाले. घर हाकेच्या अंतरावर, सासूबाई लेकराला सांभाळायच्या. मधल्या सुट्टीत तिला पाजून येऊ का, असं मी हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाई, ही शाळा आहे. बाळंतिणीची खोली नाही." बाकीचे मास्तर हसले. एकाच्या बशीतला चहा सांडला. मी "हो गुरुजी" म्हणाले आणि माझ्या वर्गात जाऊन पाढे म्हणवून घेतले.

त्यानंतर शाळेच्या घंटेचा आवाज मला सोसेना. घंटा म्हणजे काय, लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कोणीतरी नांदुऱ्याहून आणलेला. त्यावर टोला पडला की छातीच्या आत काहीतरी आवळून यायचं आणि दिवसभर तसंच राहायचं. जेवण उतरेना. रात्री डोळा लागेना. आणि मग एक दिवस माझा पान्हा आटला. लेकरू तोंड लावायचं, ओढायचं, सोडायचं आणि माझ्याकडे बघायचं. आधी ती खूप रडली. मग रडणं कमी होत गेलं. शेजारणी म्हणाल्या, पोरगी शांत झाली. सासूबाईंना मात्र कळलं होतं. त्यांनी अळिवाची खीर केली, खसखस दिली, बाळंतशेप चावायला लावली. शेळीचं दूध पाजून पाहिलं, तर पोरीला हगवण लागली. तिच्या मानेची कातडी सैल पडली. आंघोळ घालताना ती माझ्या हाताला ओल्या फडक्यासारखी लागायची.

एका शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी खण, तांदूळ आणि नारळ माझ्यासमोर ठेवले. "उद्या सुट्टी हाय. रोहिणखेडच्या नदीवर आसरा हायेत. त्यायची ओटी भर अन् पोरीले पायावर घाल." आसरा म्हणजे पाण्याकाठच्या सात बहिणी. शेंदूर फासलेले सात दगड असतात. बाळंतिणीचं दुखणंखुपणं आमच्याकडे त्यांच्याच पदरात टाकतात. मी पोरांना वर्गात काय शिकवते हे सासूबाईंना चांगलं माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुहं ट्रेनिंग घरी ठेवून जाय." त्यांचे गुडघे चालत नव्हते, म्हणून मी एकटीच निघाले.

त्या सकाळी देवीपुढे मी जे बोलले ते आठवलं की आजही हसू येतं. अर्ज कसा लिहावा हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलं होतं. मी हात जोडले आणि तशाच भाषेत सुरू झाले. 'सदर बालिकेस दूध मिळणेबाबत' एवढंच म्हणायचं बाकी राहिलं. वर मुदतही घातली: उद्या सोमवार आहे, मला शाळेत जायचंय, त्याच्या आत काय ते करा. सात ओट्या भरल्या, लेकराला दगडांच्या पायाशी ठेवलं, उचललं, झाडाच्या सावलीत बसून पदराखाली घेतलं आणि घड्याळ बघत बसले. देवीने वेळेत काम करावं म्हणून तिच्यावर नजर ठेवणारी भक्तीण जगात मी एकटीच असेन. काहीच झालं नाही. मी छाती दाबली, पोरीचं तोंड लावलं, पुन्हा दाबली. जितकी मी जबरदस्ती करत होते तितकं आत काहीतरी घट्ट मिटत होतं. पोरीच्या तोंडून बारीकसा आवाज आला. तो रडण्याचा नव्हता. तो ऐकून मला वाटलं, आपण हिला इथे पोचवायलाच आणलंय.

थोड्या अंतरावर एक बाई कपडे धूत होती. डोक्यावर घट्ट पदर, गळ्यात काळी पोत, हातात हिरवा चुडा. नदीपलीकडे जुनी मशीद दिसत होती, तिकडचीच असावी. तिने पिळायचं लुगडं दगडावर टाकलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"अवो बाई, काऊन पिळून राह्यली लेकराले? भुकेलं हाय ते."

"दूध येत नाही," मी म्हणाले. हे मी कोणाला मोठ्याने सांगितलंच नव्हतं.

"आन इकडं. मले दे."

आमच्या घरचं काय, तिच्या घरचं काय, लोक काय म्हणतील, असले प्रश्न माझ्या मनात उगवायला लागले होते. त्यातला पहिला पुरा होण्याआधी पोरगी तिच्या मांडीवर गेली होती. तिने झाडाला पाठ टेकली, पोलक्याची गाठ सोडली, आणि मला घुटके ऐकू आले. लेकरू पिताना गळ्यात जो आवाज होतो ना, तो. मी तो विसरून गेले होते. तिचं पोलकं पुढून आधीच ओलं होतं. मला वाटलं होतं, नदीच्या पाण्याने भिजलं असेल. मग माझ्यासारख्या शहाणीने विचारू नये तेच विचारलं. "तुमचं लेकरू कुठं आहे?"

तिने हनुवटीने पलीकडे दाखवलं. "तिकडं. मशिदीच्या मांगं. मांगच्या जुम्म्याले माती देल्ली." ती पोरीच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. "घरचे म्हनतात सबर कर. म्या केला सबर. पन दुधाले कोन सांगन, लेकरू गेलं म्हनून? टाइम झाला का येऊन राह्यलं."

मी रडले. हेडमास्तरांसमोर रडायचं नाही अशी शपथ घेतली होती, आणि त्या शपथेपायी मी कुठेच रडले नव्हते, सासूबाईंसमोर नाही, मालकांच्या खाटेपाशी नाही. त्या दिवशी पदराला पिन लावणारी बाई नाकातोंडातून पाणी गाळत बसली. ती धुणारी म्हणाली, "रड. पह्यले रडून घे." मग मी तिला सगळं सांगितलं, घंटा, चष्मा, बशीतला चहा. शेवटी म्हणाली, "सासरा हाय का तो तुहा?"

"नाही."

"मंग घरात काऊन घेतं त्याले?"

मी म्हटलं, ते आमच्या घरी कधी येत नाहीत.

"येते ना वं. आता इथंबी घिऊन आली तू त्याले. तुह्या अन् लेकराच्या मधात बसला हाय तो." मग जरा हसून म्हणाली, "पाय घाल पान्यात. पायाले थंड वाटलं का मानूस घरी येते. साहेबाले दारातच ठेवत जाय."

मी चपला काढल्या आणि पाय नदीत सोडले. पाणी गार होतं. तळव्याखाली बारीक खडे सरकत होते. मशिदीच्या भिंतीवर ऊन आलं होतं. मी काही मागत नव्हते, घड्याळाकडेही बघितलं नाही. बाजूला पोरीचे घुटके ऐकू येत होते. ते ऐकत किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या आधी तिनेच पाहिलं. माझं पोलकं ओलं झालं होतं.

तिने करंगळी लेकराच्या ओठांच्या कोपऱ्यात घातली आणि हलकेच तोंड सोडवलं. "सोड वं राणी. तुही माय आली." पोरगी सोडायला तयार नव्हती. तिने पुन्हा म्हटलं, "सोड." लेकरू माझ्या हातात आलं तरी तिचे हात थोडा वेळ त्याच्याखाली तसेच राहिले. मग तिने ते काढून घेतले, पदर ओढला आणि पाण्याकडे तोंड करून बसली. मी पाजत होते आणि दुसरं काही बघण्याची मला शुद्ध नव्हती. मान वर केली तेव्हा ती धुण्याचं टोपलं डोक्यावर घेऊन पलीकडचा काठ चढत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा कळलं की काय म्हणून हाक मारावी हेच मला माहीत नाही.

घरी आल्यावर मी भीत भीत सासूबाईंना सगळं सांगितलं. कोणाच्या अंगावर नात पिली हे ऐकून त्या काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी नातीच्या पोटावर हात ठेवला, पोट भरलेलं लागलं तशा भिंतीला टेकल्या. "आसरानं कोनाच्या रूपानं यावं ते तिचं ती पाह्यते. तुले काऊन पंचाईत?"

हेडमास्तर बदलले नाहीत. त्यांची बदलीही झाली नाही, देवीने ते काम हातात घेतलंच नाही. पण मी शाळेतून आले की दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घ्यायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "गुरुजी, तुम्ही इथे चपलांजवळ बसा." शेजारणीला वाटलं, मास्तरीणबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग लेकराला घ्यायचे आणि मनात म्हणायचे, सोड. एवढंच. माझा जप म्हणाल तर तो एवढाच, आजतागायत. मधल्या सुट्टीत मी परवानगी न विचारता घरी जायला लागले. परत आले की ते खाकरायचे, चार शब्द ऐकवायचे. मी ऐकून घ्यायचे. पण ते शब्द छातीपर्यंत पोचायचे नाहीत, कारण ती जागा आता रिकामी नव्हती. पुढच्या वर्षी माझे मालक गेले. तेव्हाही मी दारात पाय धुतले होते. दुःख काही बाहेर थांबलं नाही, पण त्याच्याशेजारी बसून लेकराला पाजता आलं.

ती बाई भेटली त्याच्या पुढच्याच रविवारी खण आणि गूळ घेऊन मी रोहिणखेडला गेले होते. नदीवरच्या बायका म्हणाल्या, तसं एक बिऱ्हाड होतं खरं, कापसाच्या हंगामाला नांदुऱ्याकडे जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला गेलं. नंतर नांदुऱ्याच्या बाजारात मी हिरव्या चुड्याच्या कितीतरी हातांकडे बघितलं. ती पुन्हा दिसली नाही.

सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की ती आसराच होती. मी तसं म्हणत नाही. देवीचं लेकरू मरत नाही. तिचं मेलं होतं. देवीनेच तिला माझ्यासाठी पाठवलं म्हणावं, तर मग तिचं लेकरू का नेलं, हे मी त्या सात दगडांना दरवर्षी विचारते. दगड बोलत नाहीत आणि मीही आता मुदत घालत नाही. विचारते, डोकं टेकते आणि पाण्यात पाय सोडून बसते. जे माझ्या ओढण्याने आलं नाही ते मी हात सोडले तेव्हा आलं, आणि ज्या बाईने मला हात सोडायला शिकवलं तिचे हात रिकामे होते, एवढंच मला कळलंय.

माझी लेक आता स्वतः आजी झाली आहे. माझे गुडघे सासूबाईंसारखेच झाल्यामुळे हल्ली तीच मला धरून नदीवर नेते. आसरा सात आहेत. आम्ही ओट्या आठ भरतो. सात ओट्यांत खण, नारळ, हळदकुंकू. आठव्या ओटीत कुंकू घालत नाही. त्या बाईच्या बाळाचं नावही मी विचारलं नव्हतं, म्हणून त्यात लेकराचं एक टोपडं ठेवते, आणि ओटी मशिदीच्या बाजूला तोंड करून ठेवते.